पांढरं वरण

'हळद लागली पदरा, माझ्या भावाच्या मांडवात…'

आईचा हा आवाज धुरपताबाईला अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. शिरूर अनंतपाळजवळच्या वस्तीत, तांबडं फुटायच्या आत आई जात्यावर बसायची. तिच्या मांडीवर डोकं टेकून धाकटी धुरपता पिठाची धार बघत पडून राहायची. जात्याची घरघर खाली अन् आईचा आवाज वर, जसा काही ओढ्याच्या पाण्यावरनं बगळा चालला आहे.

पण आठवायची ती एवढी एकच ओळ. ओवीची दुसरी ओळ कुठं गळून पडली, देव जाणे. धुरपताबाई भांडी घासताना, शेंगा फोडताना तिला शोधायची. सापडायची नाही. न गायलेल्या ओव्यांचं असंच होतं. कणगीत ठेवलेल्या जुन्या ज्वारीसारखं, वरनं दाणा दिसतो, आत भुसा.

आणि गाण्याला तर दहा-बारा वर्षं कुलूपच होतं. धुरपताबाई शुभ्रधारा परिवारात होती.

शुभ्रधारा म्हणजे उदगीरबाहेरच्या माळावरचं धाम, अन् धामात तात्याजी. तात्याजींचं सांगणं सोपं होतं: रंग हा मोह, अन् हळद ही मोहाची आई. म्हणून परिवारातल्या बायका पांढरं लुगडं नेसत, पुरुष पांढरा सदरा घालत, अन् सगळ्यांच्या घरी वरण पांढरं शिजे. पोहे पांढरे, पिठलं तर असं की बघणाऱ्याला वाटावं, भिंतीला द्यायचा चुना आहे. मध्ये एकदा केळ्याचा प्रश्न निघाला होता. केळं पिवळं, मग खावं की खाऊ नये? तात्याजींनी दोन दिवस चिंतन करून निवाडा दिला, "केळं दुसऱ्याकडनं सोलून घ्यावं, सालीकडं बघू नये."

हसू येण्यासारखंच होतं. पण परिवारात हसायची सोय नव्हती. बाहेरचं गाणं नको, बाहेरच्या घरचं अन्न नको, लग्न-हळद तर नकोच नको. जो परिवार सोडेल तो 'विलग'. विलग झालेल्याशी बोलायचं नाही, त्याचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही.

मग धुरपताबाई अशा ठिकाणी राहिली कशाला?

तिचा नवरा गेला त्या वर्षाची गोष्ट. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, मंडपवाल्यानं खुर्च्या नेल्या. भाऊ संघपाल नांदेडला रेल्वेच्या विभागीय कार्यालयात नोकरीला, तोही परतला. घरात ती अन् भिंतीवरचं घड्याळ. तिन्हीसांजेला शेजारच्या भिंतीवर कुणी तरी तांब्यानं ठकठक केलं. पलीकडून आवाज आला, "धुरपता, जेवलीस का गं?"

ती महादेवीअक्का. शेजारीण. मधली भिंत एका विटेची, पलीकडं शिंक आली तर अलीकडं 'शंभर वर्षं जग' म्हणावं अशी. धुरपताबाई जेवली नव्हती. महादेवीअक्का भाकरी अन् पांढरं वरण घेऊन आली, समोर बसली, अन् ताट रिकामं होईस्तोवर एक शब्द बोलली नाही. पुढच्या गुरुवारी तिनं धुरपताबाईला परिवारात नेलं.

तात्याजींच्या ज्ञानासाठी कोण राहतं हो! माणूस 'जेवलीस का' म्हणणाऱ्यापायी राहतं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला भिंत वाजायची, अन् धुरपताबाईचा दिवस त्या ठकठकीच्या खुंटीला अडकवलेला असायचा.

परिवारात प्रत्येकाला एक सोबती नेमून दिलेला असे. या दोघी एकमेकींच्या सोबतिणी. दर गुरुवारी धान्याच्या मोंढ्यामागच्या सभागृहात 'आरसा' भरायचा. आरशात आपला दोष आपण सांगायचा नाही, सोबत्यानं सांगायचा. धुरपताबाई उभी राहून म्हणायची, "महादेवीअक्का दुपारची झोपती." महादेवीअक्का म्हणायची, "धुरपता भाकरी करताना बडबडती." असे मऊमऊ दोष. मल्लिकार्जुन गुरुजी, आरसा चालवणारे, मान डोलवायचे, अन् दोघी आपापल्या जागी बसायच्या. वर्षानुवर्षं एकीनं दुसरीला खरवडलं म्हणून नाही.

फक्त एक दुखरी जागा होती. महादेवीअक्काचा एकुलता एक पोरगा विलग होता. कॉलेजात असताना त्यानं परिवार सोडला अन् नांदेड गाठलं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्याचं नाव तिच्या घरात, गल्लीत, कुठंच निघत नव्हतं. धुरपताबाईच्या जिभेलाही तेच वळण पडलेलं, तेव्हा आपणही इथं त्याला 'पोरगा' एवढंच म्हणू.

एकदा कुरडया घालता घालता महादेवीअक्का अचानक तिच्या कानडी वळणानं म्हणाली होती, "धुरपता, आता मी हे सोडलं तर मग त्याला कशापायी सोडलं होतं, यव्वा?" अन् लगेच, "चीक घट्ट झालाय बघ, पाणी घाल." धुरपताबाईनं पाणी घातलं. दुसरं काय करणार?

*

वैशाखात फोन आला. महामायाचा.

महामाया ही संघपालची लेक, धुरपताबाईची भाची. आठवी ते बारावी उदगीरला आत्याकडंच राहून शिकलेली. आत्याच्या वेणीफणीवर वाढलेली अन् तिच्याच फटकळपणावर गेलेली.

"आत्या, शनिवारी हळद हाय माझी. तू येऊन राहिलीस ना?"

"माये, तुला ठाऊक हाय ना…"

"मला काहीच ठाऊक न्हाई. हळद आत्या लावती, एवढं ठाऊक हाय. तू न्हाई आलीस तर मी कोरडीच बसते बोहल्यावर. नवऱ्याला म्हणते, आत्यानं पांढरीच पाठवली, आता तूच काय ते कर."

मग संघपालनं फोन घेतला. "धुरपता, आपल्या आज्यानं छप्पनला बौद्ध झाल्यावर एका सकाळी घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले अन् दुपारी येऊन बिनघोर जेवला. तुला एक पांढरं वरण सुटंना का?"

"दादा, आज्याच्या संगं सगळी वस्ती निघाली होती. एकट्यानं निघून बघ जरा."

संघपाल हळूच म्हणाला, "लेकीनं तुझ्यासाठी पाट मांडून ठिवलाय. तेवढं बघ."

धुरपताबाईनं रात्रभर कूस बदलली. हळदीला हात लावला अन् परिवाराला कळलं, तर ती विलग. विलग झाली की तात्याजी जातील, धाम जाईल, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण भिंत गप्प होईल. महादेवीअक्कानं पोटच्या पोराचं नाव टाकलं होतं, शेजारणीचं टाकायला तिला किती वेळ!

सकाळी ती अंगणात म्हणाली, "अक्का, नांदेडला जाऊन येते. डोळे दाखवायचेत."

महादेवीअक्का तुळशीला पाणी घालत होती. तिनं मान वळवली नाही. "दाखवून ये. पांढरं नेसून जाऊ नकू पण. प्रवासात लई मळतं."

धुरपताबाईकडं पांढऱ्याशिवाय होतं काय? ती पांढरंच नेसून एसटीत बसली. अर्ध्या तिकिटात खिडकी मिळाली. मुखेडच्या स्टँडवर एका पोरानं खिडकीशी भेळीचा कागद धरला, पिवळीजर्द शेव वर पसरलेली. तिनं डोळे मिटले. मग एक डोळा उघडून बघितलं. डोळे दाखवायलाच तर निघाली होती.

*

नांदेडात संघपालच्या दारात मांडव. उन्हं कलती झालेली, कापडातून झिरपणाऱ्या उजेडानं सगळ्या बायका केशरी दिसत होत्या. मधोमध पाटावर महामाया. अन् कडेला पांढऱ्या लुगड्यात धुरपताबाई, हात पदरात गुंडाळून, परक्या गावात उतरलेल्या बगळीसारखी.

"आली गं माझी आत्या!" महामाया ओरडली. "बघा, मी म्हणले नव्हते, दूध पिऊन पांढरी झाली म्हणून!"

बायका हसल्या. हळदीची वाटी धुरपताबाईसमोर आली. एवढ्या वर्षांनी तो वास! ओली हळद, तिच्यात थोडं तेल. वास नाकातून थेट जात्यापाशी जाऊन बसला. तिचा हात वाटीवर थांबला. एक बोट बुडवू की नको?

महामायानं मस्करी केली नाही. नुसता गाल पुढं केला.

धुरपताबाईनं बोट बुडवलं.

अन् मग काय झालं तिचं तिलाच कळलं नाही. बोट गालाला लागलं अन् तोंडातून ओवी निघाली, आईची नव्हे, हिचीच, तिथल्या तिथं जुळलेली:

'नवरी माझी भाची, हळदीनं झाली पिवळी,
दारात उभी आत्या, पांढऱ्या लुगड्यात सावळी.'

कुणीतरी म्हणालं, "अजून एक, आत्याबाई!"

'बाभळीला बी गं फूल, पिवळंच येतं माये,
कोण म्हणतं मला, रंग ठावाच न्हाये!'

मांडवात असा हशा उसळला की भटारी हातात झारा घेऊन बघायला आला. महामायानं दोन्ही हात हळदीत बुडवले अन् आत्याच्या पदरावर पंजाच उमटवला. "आता जा कशी परत जातीस ती!"

त्या गर्दीत एकजण पाण्याचे ग्लास वाटत होता. उंच, सावळा, दाढीला नुकता पांढरा केस आलेला. धुरपताबाईनं ग्लास घ्यायला मान वर केली अन् तिचा हात तसाच राहिला.

महादेवीअक्काचा पोरगा! महामायाच्या शाळेच्या दिवसांत हाच तिला सायकलवरनं नेऊन सोडायचा. भाऊ मानलेला, बहिणीच्या लग्नात नाही राबणार तर कुठं?

धुरपताबाईच्या ओठाशी त्याचं नाव आलं. सवयीनं तिनं ते गिळलं.

"मावशी," तोच म्हणाला, "माझ्याशी बोललीस तर पाप लागंल. नुसती पाणी पी."

"मेल्या, एवढी पिवळी झाले, आता आणिक काय लागायचं ऱ्हायलंय?"

दोघं मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसली. तो इथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. लग्न झालेलं, बायको आत स्वयंपाकघरात होती. धुरपताबाईनं विचारलं, "तू सोडलंस तरी कशापायी रे? आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

तो हसला. "काही मोठं कारण न्हाई मावशी. एकदा देगलूरच्या स्टँडवर भूक लागली. मिरचीभजे खाल्ले. पिवळे. मग तात्याजी म्हणले होते तसं काही होतंय का, म्हणून उभा राहून बघितलं. आभाळाकडं बी बघितलं. काहीच झालं न्हाई."

"मग?"

"मग अजून एक प्लेट घेतली."

धुरपताबाईला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला, अन् डोळ्यांनाही हळद लागली. तो मात्र हसता हसता थांबला.

"आई पांढरंच वरण खाती का अजून?"

"हाव."

"तिला माझं काही सांगू नकू. गुरुवारी तुमचं ते आरसा-बिरसा… तिला जड जाईल." तो ग्लासाच्या कडेवरनं बोट फिरवत राहिला. "आमी घरात दोघंच कानडी बोलायचो. कॉलेजातनं आलो की मी विचारायचो, 'ऊटा आयता?' जेवण झालं का म्हणून. तेवढं विचारायचं ऱ्हाऊन गेलंय बघ. लई वर्षांचं."

*

लग्न लावून धुरपताबाई उदगीरला परतली. दार लावून तिनं पहिल्यांदा लुगडं बादलीत टाकलं अन् पदराला साबण चोळला.

पंजा लाल झाला!

नुसता लाल नव्हे, कुंकवासारखा लालभडक. परिवारातली बाई ती, इतकी वर्षं हळदीला शिवलेली नाही, साबण लागला की हळद लाल होते ही तिची खोडच विसरलेली. तिनं आणखी साबण चोळला, पंजा आणखी लाल. घाबरून पाण्यात बुडवला तर पुन्हा पिवळा. लाल, पिवळा, लाल, पिवळा. "आता हिरवा बी हो मेल्या, तेवढाच ऱ्हायलाय," ती लुगड्याला म्हणाली.

शेवटी तिनं ते पिळून दाराआड, कणगीवर अंधारात वाळत घातलं. मंगळवारी बघितलं, पंजा तसाच. ती कणगीला टेकून खाली बसली. नकळत गुणगुणायला लागली, आईचीच ती अर्धी ओवी. एकदा मांडवात मोकळं झालेलं तोंड, ते आता ऐकेना.

'हळद लागली पदरा, माझ्या भावाच्या मांडवात…'

अन् कणगीतनं उंदीर निसटावा तशी दुसरी ओळ सुळकन बाहेर आली:

'उनाला दे गं डाग, नको झाकूस अंधारात.'

धुरपताबाई बघतच राहिली. खरंच की! हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जातो. आईचं सगळं धुणं असंच निघायचं, दगडावर पसरलेलं.

पण उन्हाला द्यायचा म्हणजे अंगणातल्या तारेवर. तार दोन्ही घरांची मिळून एकच.

बुधवारी सकाळी तिनं बराच वेळ उंबऱ्यात काढला. मग लुगडं उचललं, झटकलं अन् तारेवर पदर वरच्या बाजूला येईल असं टाकलं. पंजा सूर्यासमोर.

थोड्याच वेळात महादेवीअक्का तिचं धुणं घेऊन आली. तिनं पंजा बघितला. धुरपताबाईकडं बघितलं.

"डोळे बघितले का डॉक्टरनं?"

"हाव."

"काय म्हणला?"

"बरे हायत म्हणला. चांगलं दिसून राहिलंय म्हणला."

"बरं मंग," म्हणून महादेवीअक्का वाळत न घालता धुणं तसंच घेऊन आत गेली.

त्या सांजेला भिंत वाजली नाही.

धुरपताबाई ताट वाढून बसली होती. वरणावर साय धरली. पलीकडं भांड्याचा आवाज होता, पावलांचा होता, ठकठक तेवढी नव्हती. म्हणजे झालं. उद्या आरशात महादेवीअक्का उभी राहणार, अन् परवापासून ही भिंत नुसती भिंत.

मग तिच्या मनात आलं, जायचंच आहे तर दुसऱ्याचा निरोप पोटात ठेवून कशाला जा? नाव घ्यायचं नाही, ठीक आहे. नाव न घेताही सांगता येतं की! तिनं तांब्या उचलला अन् स्वतःच भिंतीवर वाजवला. पलीकडचे आवाज थांबले.

धुरपताबाईला कानडी येत नव्हती. बसमध्ये वाटभर घोकत आणलेले ते दोन शब्द तिनं भिंतीला तोंड लावून, अडखळत म्हटले:

"ऊटा आयता?"

पलीकडं काहीतरी पडलं, घरंगळत गेलं. धुरपताबाई वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही, पण भिंतीच्या त्या अंगाला, अगदी जवळ, कुणीतरी टेकून बसल्याची चाहूल लागली. मग हिनंही पाठ टेकली. वरण गार झालं ते झालंच.

*

गुरुवारी सभागृह नेहमीसारखं पांढरं. जणू कापसाच्या गंजीत माणसं बसवलीत. धुरपताबाई तेच लुगडं नेसून आली होती. एका दिवसाच्या वैशाखी उन्हानं पंजा फिका पडलेला, पण बघणाऱ्याला दिसावा एवढा होता. तिनं झाकला नाही.

मल्लिकार्जुन गुरुजींनी नावं पुकारली. आधी धुरपताबाई उठली. "महादेवीअक्का दुपारची झोपती," ती म्हणाली. दोन-चार माना डोलल्या.

मग महादेवीअक्का उठली.

गुरुजींची नजर पदरावर गेलेली होती. "महादेवीबाई, सोबतिणीचा दोष सांगा. आज तर न सांगताही दिसून राहिलाय. ह्या कुठं गेल्या होत्या?"

"नांदेडला."

"कशाला?"

महादेवीअक्कानं हाताची बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली. धुरपताबाईनं डोळे मिटून घेतले.

"ती तिथं कुणाला तरी भेटून आली," महादेवीअक्का म्हणाली.

"विलगाला?" गुरुजी पुढं झुकले. "त्याचं नाव घेऊ नका. नुसता दोष सांगा."

"दोष तिचा न्हाई गुरुजी."

"मग कुणाचा? आपला दोष आपण सांगायचा नसतो, बाई. खाली बसा."

महादेवीअक्का खाली बसली नाही. तिनं हात लांब केला अन् शेजारी बसलेल्या धुरपताबाईच्या पदराचं ते पिवळं टोक मुठीत धरलं, नदीत उतरताना काठावरचं झुडूप धरावं तसं.

"काल मला कुणीतरी इचारलं, जेवण झालं का म्हणून," ती म्हणाली. "मी जबाबच दिला न्हाई. लई वर्षं झाली, न्हाई दिला." तिचा आवाज सगळ्या पांढऱ्या सभेला ऐकू जाईल इतका मोठा झाला.

"रेवणसिद्ध. माझ्या लेकाचं नाव रेवणसिद्ध हाय. अन् न्हाई रे बाबा, जेवले न्हाई मी अजून."